कढईच्या तळाशी: ताटात न येणारे पदार्थ

ओट्यापाशी

आज सकाळी घरात अपघात झाला. आठ दिवसांची साय, विरजण, ताक, लोणी असं सगळं यथासांग करून तूप कढवलं. गाळून बरणीत भरलं, कढई ओट्यावर ठेवली आणि बेल वाजली म्हणून बाहेर गेले. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगून परत येते तर नवरा हातात घासणी घेऊन उभा. "तळाला बरंच जळलं होतं, काढून टाकलं," म्हणाला, तेही आता शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने. कढई चकचकीत. तुपाच्या तळाशी बसलेली बेरी मोरीत.

ओरडणार होते, पण लक्षात आलं की चूक माझीच आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि बेरी हा खायचा पदार्थ आहे हे या माणसाला ठाऊक नाही, कारण मी ती कधी वाढलीच नाही. कढई कोमट असताना उलथन्याने खरवडायची, वर चमचाभर साखर भुरभुरायची आणि कुणी पाणी प्यायला आत यायच्या आत ओट्याला टेकून संपवायची, अशी माझी पद्धत. कढवताना मी विड्याचं पान घालते. ते तळून कागदासारखं कुरकुरीत होतं, तेही मीच खाते. घरच्यांना वाटतं पान टाकून देतात.

तर धागा काढायचं कारण असं, की ज्यांना ताटात जागा नाही असे तुमचे पदार्थ सांगा. जे करायला म्हणून कुणी बसत नाही, दुसरंच काही करताना आपोआप होतं. पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही, हॉटेलात मिळत नाही आणि उद्यासाठी झाकून ठेवलं तर त्यात राम उरत नाही. पुढे चालवा.

सांजवात

अगदी अगदी! मोरीत गेलेल्या बेरीसाठी दोन मिनिटं शांतता.

पण साखर? बेरीत गूळच हवा हो. आमची आई गरम कढईतच दोन मुठी कणीक टाकायची, मंद आचेवर खमंग भाजायची, गूळ चिरून घालायची आणि मुटके वळून आमच्या हातावर ठेवायची. आम्ही भावंडं चार, मुटके चार. तिला कढई. तीही ती सोडायची नाही, सकाळची अर्धी भाकरी घेऊन आतून गोल फिरवायची आणि ती भाकरी खायची.

खमंग_खुसखुशीत

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). वाचत आहे.

काटेपूर्णा

कुरडयांचा चीक कुणीच कसा नाही लिहिला अजून? आमच्या अकोल्याकडे मार्च-एप्रिलात ऊन तापलं की गहू भिजत पडलेच समजा. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्या बादलीजवळून नाक धरून जायचं. मग वाटायचे, पिळून चोथा वेगळा करायचा आणि सत्त्व रात्रभर खाली बसू द्यायचं. पहाटे वरचं पिवळसर पाणी अलगद ओतलं की खाली पांढराशुभ्र दही लागल्यासारखा थर.

आता खरं काम. पाण्याला आधण आलं की मीठ-हिंग घालून ते सत्त्व वैरायचं आणि लाकडी दांड्याने घोटत राहायचं. पहिल्यांदा पांढरं असतं, मग मधूनमधून काचेसारखं दिसायला लागतं आणि एका क्षणी सगळं पातेलं चकाकतं. मोठी काकू तेव्हा म्हणायची, "या रे वाट्या घेऊन." वाटीत गरम चीक, मधे खळगा, त्यात कच्चं तेल आणि लाल तिखट. धाकटे दूध-साखर घालून खायचे, त्यांना आम्ही हसायचो. पहाटे पाच-साडेपाचला गच्चीवर बसून, कारण ऊन चढायच्या आत सोऱ्यातून कुरडया पडल्या पाहिजेत. कुरडया वर्षभर तळून खातो, पण मला विचाराल तर चीक खाऊन झाल्यावर जे उरतं त्याच्या कुरडया करतात.

सांजवात

"चीक खाऊन झाल्यावर जे उरतं त्याच्या कुरडया करतात" हे भारी आहे!

आमच्याकडे पापडाच्या लाट्यांचं असंच. उडदाच्या पिठात पापडखार, मिरी, हिंग घालून आधी दणादण कुटायचं. मग शेजारपाजारच्या सगळ्या जणी पोळपाट-लाटणं घेऊन दुपारी जमायच्या. आईने मोजून शंभर लाट्या कापलेल्या असायच्या आणि पापड कधीच शंभर भरले नाहीत. लाटी तेलाच्या वाटीत बुडवायची आणि पळायचं. दातांना चिकटते, मिरी घशाशी लागते, पोट दुखेल म्हणून सगळे ओरडतात. खरंच दुखतं.

माडाखाली

कोकणातून हजेरी. निवगऱ्या.

गणपतीत मोदकांची उकड थोडी उरतेच. तिच्यात मीठ, जिरं, वाटलेली हिरवी मिरची, कोथिंबीर घालून चपट्या वड्या थापायच्या आणि मोदकांच्या शेवटच्या घाण्याबरोबर उकडून घ्यायच्या. वर कच्चं खोबरेल नाहीतर गोडं तेल, किंवा दही. एकवीस मोदक वळून गोडाचा नुसता वास घेऊन घेऊन जीभ कंटाळलेली असते, त्यावर ही तिखट निवगरी. मोदक देवाला, निवगरी करणाराला.

ओट्यापाशी

@माडाखाली, एक शंका. उकड "उरतेच" म्हणता. खरं सांगा, मुद्दाम जास्त काढता ना?

माडाखाली

पकडलंत. दोन वाट्या पिठी जास्त घेतो. पण उरली असंच म्हणायचं असतं.

शंकेखोर

मग ती धाग्याच्या नियमात बसत नाही. मुद्दाम उरवलेली उकड ही उरलेली उकड कशी होईल?

माडाखाली

तुम्ही आमच्याकडे गणपतीला या, खाऊन मग ठरवू.

हंडी_फुटली

शाकाहारी धागा चालला आहे म्हणून घाबरत घाबरत लिहितो. मटण झाल्यावर मोठ्या पातेल्यातून रस्सा भांड्यात काढला, की रिकाम्या पातेल्याच्या कडांना मसाला आणि तेलाची तर्री चिकटलेली असते. त्यात दोन डाव गरम भात टाकायचा, मीठ चिमूटभर, आणि हाताने पातेलं पुसून काढायचं. हाताने, डावाने नाही. ताटात मटण वाढून घेतल्यावर ती चव येत नाही. बांगडे तळल्यावर तव्यात उरलेला रव्याचा आणि तिखटाचा चुरा, तोही यातच धरा. तांदळाच्या भाकरीने टिपायचा.

आणि पाटा! पाट्यावर चटणी वाटून काढून घेतली की पाट्याला टाकी लावून पाडलेल्या खड्ड्यांत चटणी अडकलेली असते. आजी त्यावर भात लावायची. मिक्सरच्या भांड्यात हे सुख नाही, पात्याला बोट कापतं ते वेगळंच.

पाणी_किती

ओट्यापाशी ताई, यजमानांना दाखवायला थोडं शास्त्र. बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १५-१६ टक्के पाणी असतं, उरलेली दुधातली प्रथिनं, साखर वगैरे. घरच्या लोण्यात पाणी याहून जास्तच. आता पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून बसतं, म्हणून कढई नुसती रटरटत राहते. पाणी संपत आलं की बुडबुडे बारीक होतात, आवाज बदलतो, तापमान चढू लागतं आणि तळाशी बसलेली प्रथिनं आणि साखर तांबूस व्हायला लागतात. भाजलेल्या पावाच्या कडेला जो खमंगपणा असतो तोच हा. म्हणजे बेरी जळलेली नसते, भाजलेली असते. जळायला त्यानंतर थोडाच वेळ लागतो, हे मात्र खरं.

ओट्यापाशी

वा! आवाजाचं अगदी खरं. माझी आजी बाहेरच्या खोलीत माळ ओढत बसलेली असायची आणि तिथूनच सांगायची, "गप्प झालं बघ, बंद कर." आम्ही कढईसमोर उभ्या असून आम्हाला कळायचं नाही.

पैलतीरावरून

इथे परदेशात बिनमिठाच्या लोण्याच्या विटा आणून तूप कढवते. बेरी होते पण पोकळ लागते, तो आंबूसपणा नसतो. मग कळलं की इथलं नेहमीचं लोणी बिनविरजणाच्या गोड सायीचं. विरजलेल्या सायीचं लोणीही मिळतं, महाग पडतं, पण त्याची बेरी घरच्यासारखी. आता मी बेरीसाठी महागाचं लोणी आणते आणि तूप आपलं त्याबरोबर होतं. नवऱ्याला हिशोब सांगितलेला नाही.

दुसरं म्हणजे, पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही या मुद्द्याला छेद देणारी गोष्ट. माझ्या एका इराणी मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो. त्यांच्याकडे भात मुद्दाम तळाला लागू देतात, सोनेरी आणि कडक. त्याला तहदीग म्हणतात. तह म्हणजे तळ, दीग म्हणजे भांडं. आपली डेग आठवा. भांडं उपडं करून तो थर वर येईल असा वाढला आणि सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात, कारण मी पाहुणी. तिची मुलं त्या तुकड्याकडे बघत होती. मला इतकं अवघडल्यासारखं झालं! आमच्या घरी पिठल्याची खरवड पाहुण्याच्या ताटात गेली असती तर आईने डोळे वटारले असते.

सांजवात

पिठल्याची खरवड! लोखंडी कढईतली! सोलून पापडासारखी निघते ती! लिहायचंच राहिलं होतं.

खमंग_खुसखुशीत

+१. आणि चिवड्याच्या डब्याच्या तळाचा चुरा. दाणे संपलेले, खोबऱ्याचे काप संपलेले, फक्त मीठ-साखर-हळद आणि पोह्यांचा भुगा. दिवाळीनंतर दहाव्या दिवशी डबा तिरका करून तळहातावर घ्यायचा. दह्यात घालून बघा एकदा.

मचवेकर

थोडं अवांतर. खाण्याच्या बाहेरही बेरी असते असं मला वाटतं. सहलीला ज्यासाठी म्हणून जातो ते एक, आणि हाताला लागतं ते दुसरंच.

आम्ही दर हिवाळ्यात अलिबागला जातो. मुलांना किनारा, किल्ला, घोडागाडी असं सगळं दाखवून झालं. पण त्यांना विचारलं तर त्यांना फक्त गेटवे ते मांडवा लाँच हवी असते. वरच्या डेकवर उभं राहायचं आणि मागे लागलेले सीगल बघायचे. थंडीत ते येतात, अगदी हाताजवळून, मान तिरकी करून डोळ्यात डोळा घालतात. धाकटी त्यातल्या एकाशी बोलत होती, "तू मागच्या वर्षी पण होतास ना?" तासाभराचा प्रवास, मांडव्याला उतरताना तिचा चेहरा पडतो. आपण तिथे पोहोचण्यासाठी गेलेले असतो आणि तिच्या दृष्टीने सहल संपलेली असते. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा रस्त्याने जायचं म्हटलं तर "मग नकोच" म्हणते.

ओट्यापाशी

@मचवेकर, हे अवांतर नाही, हेच हवं होतं. धाग्याच्या नावात कढई आहे म्हणून काही कढईतच बसायला नको.

घाटरस्ता

मग ही घ्या आमची. माथेरान. नेरळहून छोट्या गाडीने जायचं ठरवलं. १९०७ सालापासूनची गाडी, वीसेक किलोमीटरला दोन तासांहून जास्त, मुलगा सातवीत, त्याला आधीच सांगून ठेवलं की किती ऐतिहासिक वगैरे. तो अर्धा वेळ झोपला. पॉइंट दाखवले, सगळीकडे "हं." वर मोटारी नाहीत म्हणून दोन दिवस पायी पायी. त्याचं तोंड वाकडं, आमची भांडणं. पैसे वाया गेले असं धरून आम्ही परत आलो.

मग घरी कपडे धुवायला काढले. मोज्यांतून ती माथेरानची लाल माती. मशीनचं पाणी लाल, दोनदा धुतले तरी मोजे गुलाबी. मी वैतागून टाकून देणार, तर म्हणाला, "ते राहू दे, माथेरानचे आहेत." आज कॉलेजात आहे, मोजे आता होत नाहीत, पण कपाटात आहेत. माझ्याकडे त्या सहलीचे शे-दीडशे फोटो आहेत, तो एकही बघत नाही.

हंडी_फुटली

एसटीची खिडकी. उतरल्यावर केसांतून हात फिरवला की खरखरीत लागतं ते. बास, एवढंच.

काटेपूर्णा

हुरड्याला जाता ना सगळे? ज्वारीची हिरवी कणसं आगटीत भाजतात, गरम गरम तळहातावर चोळून दाणे काढतात, त्याबरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. ते सगळं छानच. पण सगळे उठून बोरं तोडायला गेले, की आगटीच्या राखेत काडी फिरवायची. निसटलेले दाणे सापडतात, जास्त भाजलेले, काळपट, राखेसकट. एकेक वेचून फुंकर मारायची. पाच मिनिटांत दहा दाणे. त्या दहा दाण्यांसाठी मी दोन वेळा पँट जाळली आहे.

तिरकी_रेघ

धागा गोड आहे म्हणून इतका वेळ गप्प होते. पण वर कुणीतरी लिहिलंय, "मुटके चार, तिला कढई." ते वाचल्यापासून मनातून जात नाही.

आमच्या घरी खरवड आजीला "आवडायची". दुधाची, भाताची, पिठल्याची. सगळे म्हणायचे, तिला खरवडच लागते. ती शेवटी जेवायची, चौदा माणसांनंतर. तोवर पातेल्यात खरवडीखेरीज असायचं काय? ती गेल्यावर तेराव्याला तिच्या आवडीचं करायचं ठरलं तर घरात कुणालाच सांगता येईना की तिला काय आवडायचं. शेवटी जिलेबी आणली, कारण इतरांना आवडते. आपण ज्याला सुख म्हणतोय ते कुणाच्या तरी वाट्याला उरलेलं म्हणून आलेलं असू शकतं, एवढंच. धाग्याचा बेरंग करायचा नाही.

सांजवात

मीच लिहिलं होतं ते. लिहिताना एकदाही असं वाटलं नाही. आता दोनदा वाचलं.

शंकेखोर

प्रत्येक गोष्टीत हे आणायलाच हवं का? कुणाला खरंच आवडत असेल की.

तिरकी_रेघ

असेलही. विचारलं होतं का कुणी, एवढाच प्रश्न आहे.

पैलतीरावरून

तहदीगच्या तुकड्याकडे बघणारी ती मुलं आठवली. तिथे तळाचं आहे म्हणून सगळ्यांना हवं होतं, आपल्याकडे तळाचं आहे म्हणून कुणी विचारलं नाही.

ओट्यापाशी

@तिरकी_रेघ, बेरंग कसला. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण माझ्याकडे नव्हतं. माझ्या बाबतीत बेरी ही चैन आहे. फ्रिज भरलेला असतो, मी मनात आलं तर बाहेरून मागवू शकते. आईच्या बाबतीत मला सांगता येईना. तीही पातेलं घेऊन मोरीजवळ पाटावर बसायची आणि चमच्याने दुधाची खरवड काढत राहायची, खर्र खर्र आवाज यायचा दुपारी. मी कायम धरून चालले होते की तिला आवडते.

म्हणून काल फोन केला. म्हटलं, आई, खरं सांग, तुला खरवड आवडायची की उरायची म्हणून खायचीस? आधी म्हणाली, "हे काय काढलंस मधेच?" मग जरा थांबून म्हणाली, "साय तुम्हा मुलांना आणि तुझ्या आजोबांना. मला खरवड. पहिल्यांदा उरायची म्हणूनच खाल्ली. मग आवडायला लागली." मी गप्प. तर पुढे स्वतःच म्हणाली, "आणि खरं सांगू का, खरवडत बसलं की कुणी हाक मारायचं नाही. पातेलं हातात असलं की बाई कामात आहे असं वाटतं सगळ्यांना. दुपारची तेवढीच दहा मिनिटं. मी मुद्दाम हळूहळू खरवडायचे."

सांजवात

आईला फोन लावते आहे.

हंडी_फुटली

_/\_

माडाखाली

"मुद्दाम हळूहळू." माझ्या दोन वाट्या जास्तीच्या पिठीला आता कुणी नावं ठेवू नका.

खमंग_खुसखुशीत

रच्याकने (म्हणजे जाता जाता), ओट्यापाशी ताई, नवरोजींना बेरी दिलीत की नाही अखेर?

ओट्यापाशी

दिली. आज पुन्हा तूप कढवलं, एक चमचा त्याला दिला, साखर घालून. बराच वेळ चघळून म्हणाला, "पेढ्यासारखं लागतं. पण तळाला लागलेल्या पेढ्यासारखं." अर्धा चमचा परत केला. म्हणजे पुढच्या अकरा वर्षांची काळजी मिटली.

मग मी उलथनं घेऊन ओट्याला टेकले. पाच मिनिटांनी आत डोकावला आणि कढई घासून टाकू का म्हणाला. म्हटलं, थांब जरा, मी कामात आहे.